प्रेमकथा खोटी, पाणी खरं

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना मोठं पाणी म्हणजे बुढा तालाब. तरी बुडण्याचे सिनेमे मी सोडत नाही.

‘टायटॅनिक’ (1997) बघताना घरातले सगळे जॅक-रोझसाठी रडतात. ती दोघं काल्पनिक आहेत! माझा घसा दाटतो तो पलंगावर मिठी मारून पडलेल्या म्हाताऱ्या जोडप्यापाशी. ते सुचलं इसिडोर आणि आयडा स्ट्राउस यांच्यावरून. 15 एप्रिल 1912 च्या त्या रात्री नवऱ्याला सोडून जीवरक्षक होडीत बसायला आयडाबाईंनी नकार दिला. दोघंही गेली. खऱ्या गोष्टीला मात्र पडद्यावर मोजके क्षण.

‘केदारनाथ’ (2018) मध्ये नायिकेचं नाव मंदाकिनी, तेच तिथल्या नदीचंही. जून 2013 मध्ये चोराबाडी ताल फुटला आणि हजारो माणसं गेली. सिनेमात तो प्रलय शेवटी येतो, प्रेमाचा तिढा सोडवायला. मला हे खटकलं, पण वहिनींना नाही. त्यांच्या मते, दोन चेहरे ओळखीचे झाल्याशिवाय हजारांचं दुःख कळतच नाही. वादात त्या जिंकल्या म्हणा!

आता आपली ‘रामदास’ बोट घ्या. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहून वाचलेल्यांकडून मुंबईला बातमी कळली. हिच्यावर कुणी सिनेमा काढलाच, तर तिकीट काढीन. प्रेमकथा असली तरी चालेल, वहिनी.