बंद मागाची घरपट्टी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडचं घरपट्टीचं बिल नीट वाचून पाहावं. सामान्य कर, पाणीपट्टी, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष असे रकाने उतरत जातात आणि त्यांच्याखाली राज्य सरकारचा शिक्षण कर व रोजगार हमी उपकर येतो. हा उपकर फक्त बिगरनिवासी जागांना लागतो. म्हणजे चादरी-टॉवेलला उठाव नाही म्हणून ज्या शेडमधले कामगार घरी बसलेत, तीच शेड रोजगार हमीसाठी पैसे देणं लागते.

कर ठरतो तो करयोग्य मूल्यावर. जागेला वर्षाकाठी किती भाडं येऊ शकेल ते धरायचं आणि दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. आत धंदा चालतो का, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. जागा रिकामी राहिली तर परतावा द्यावा, अशी तरतूद कायद्यात आहे. मात्र आधी लेखी कळवावं लागतं. आणि शेडमध्ये माग उभे असताना ती रिकामी म्हणायची कशी?

जकातीचं तसं नव्हतं. सुताच्या गाठी नाक्यावर आल्या की पैसे यायचे, नाही आल्या की थांबायचे. बाजाराचा फटका पालिकेला लगेच कळायचा. पुढे जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला आणि गेला. २०१७ पासून राज्य सरकार जीएसटीची भरपाई देतं, २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरवर्षी आठ टक्के वाढीनं. गावातले माग थांबले तरी ही रक्कम घटत नाही, आणि अडचणीच्या काळात हा मोठाच आधार आहे. पण पालिकेच्या स्वतःच्या हातातलं मोठं उत्पन्न आता मिळकतकराचंच उरलं. त्यामुळे मंदी येते ती थकबाकीच्या रूपानं.

हे शहराला नवं नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, नंतरच्या नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू, सगळ्या एकेक करून बंद पडल्या. महापालिका अधिनियमाचं कलम १४१ सांगतं की जमीन महसुलाच्या खालोखाल मिळकतकर हा मिळकतीवरचा पहिला बोजा. पण कारखाना अवसायनात गेला की बँका, कामगारांची देणी आणि कोर्टाच्या तारखा यांत हा पहिला बोजाही वर्षानुवर्षं ताटकळतो. दरम्यान १९९२च्या हद्दवाढीनं बाळे, शेळगी, मजरेवाडी, केगाव अशी गावं आत आली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ वर गेलं. रस्ते, ड्रेनेज, दिवे सगळीकडे पोचवायचे होते. गिरण्यांचा धूर थांबत असतानाच खर्चाचा पसारा वाढला. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असताना वर्षभराची पाणीपट्टी का भरायची, हा हद्दवाढीतल्या माणसाचा सवाल मला रास्त वाटतो.

खरी गाठ शास्तीत आहे. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के, म्हणजे पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी. दोन-तीन वर्षं माग बंद ठेवून पुन्हा उभं राहू पाहणारा माणूस हा आकडा बघून भरण्याचा विचारच सोडतो. मग अभय योजना येते, शास्ती माफ होते, आणि कर्ज काढून वेळेवर भरणारा नुसता बघत राहतो. पुढच्या मंदीत तोही योजनेची वाट पाहतो.

बाजार पडला तरी कर तसाच राहिला की काय होतं, ते डेट्रॉइटमध्ये दिसलं. अमेरिकेतलं हे मोटारींच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं शहर. २००८ नंतर तिथे घरांच्या किमती कोसळल्या, पण करआकारणी त्या वेगानं खाली आली नाही. कर थकले म्हणून हजारो घरं जप्त झाली, आणि २०१३ मध्ये शहरानंच दिवाळखोरी जाहीर केली.

पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानासाठी अट घातली, की मिळकतकराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगानं वाढली पाहिजे. राज्य वाढत असताना एखादा धंदा आणि त्यावर जगणारं गाव मागे पडू शकतं, याला त्या अटीत जागा नाही. सोलापूरला उपाय घरातच सापडेल. माग चालू की बंद, हे महावितरणच्या मीटरइतकं स्पष्ट कुणीच सांगत नाही. वापर नगण्य झाला की त्या महिन्यांची शास्ती आपोआप थांबावी, मुद्दल हप्त्यांनी यावं, आणि बिगरनिवासी दराचा फेरविचार त्याच नोंदीवर व्हावा. त्यासाठी थकबाकीदाराला अर्ज घेऊन खेटे घालायला लागू नयेत. वसुलीची सक्ती आधी व्हावी ती ऐपत असूनही अभय योजनेची वाट बघत बसलेल्या मोठ्या मिळकतींवर. दोन मागांच्या शेडला टाळं लावण्याची पाळी त्यानंतर.