पाण्यावांगडा हल!

गोष्ट २०१२ च्या डिसेंबरातली. मालवणला घरी गेलो होतो. बाबा पंचाहत्तरीला टेकलेले. आमची उलांडीची छोटी होडी आता विकून टाकायची, असे त्यांनी ठरवले होते. म्हटले, होडी जाण्यापूर्वी बाबांना शीड हाताळताना एकदा टिपून ठेवावे. मुंबईहून त्यासाठी नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा नेला होता.

सकाळच्या मतलई वाऱ्यावर निघालो, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतलो. रात्री सगळे घर टीव्हीपुढे बसले. दोन मिनिटे झाली नसतील, तोच आई डोके धरून म्हणाली, ‘‘बंद कर रे ता, माका चक्कर येता!’’ पडद्यावर सिंधुदुर्ग किल्ला झोके घेत होता, आभाळ आणि पाणी जागा बदलत होते आणि बाबांचा चेहरा काही एका जागी सापडत नव्हता. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप केला, तेच हरवले होते!

आईला चक्कर का यावी? तोल सांभाळणारे इंद्रिय आपल्या कानाच्या आतल्या भागात असते. डोळे एक सांगू लागले आणि कान दुसरे, की पोटात ढवळते. डोळे म्हणत होते, होडी हलतेय. कान म्हणत होता, आपण तर खुर्चीत बसलोय.

कॅमेऱ्यात थरथर थांबवण्याची सोय होती. पण ती हाताच्या बारीक थरथरीसाठी. होडीचे सावकाश, मोठे हेलकावे तिच्या आवाक्याबाहेरचे. सिनेमावाल्यांनाही ही अडचण होतीच. गॅरेट ब्राउन या अमेरिकन कॅमेरामनने त्यावर ‘स्टेडीकॅम’ शोधला आणि १९७६ च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या चित्रपटात तो वापरला गेला. अंगात घालायचे जाकीट आणि स्प्रिंगचा हात. शरीराचे धक्के कॅमेऱ्यापर्यंत पोहोचूच द्यायचे नाहीत, एवढेच त्याचे मर्म.

आमच्या होडीत स्प्रिंग कुठली? ती बाबांनी दाखवली. ‘‘तू फळीक घट्ट चिकटान बसलंस, म्हणान कॅमेरो होडीसारखो हलता. कंबर सैल सोड. पाण्यावांगडा हल, तेच्याशी झगडू नको.’’ म्हणजे खालचे अंग पाण्याबरोबर, वरचे क्षितिजाबरोबर!

दुसऱ्या दिवशी तसेच केले. फळीच्या कडेवर टेकलो, कोपरे बरगड्यांना लावली, कॅमेरा दोन्ही हातांनी छातीजवळ धरला. झूमला हात लावला नाही. झूमने चित्र मोठे होते, तशी थरथरही मोठी होते. त्यापेक्षा चार बोटे पुढे सरकावे. क्षितिजाची रेघ आडवी राहील एवढेच पाहिले. क्षितिज स्थिर असले, की होडी हलली तरी बघणाऱ्याला खटकत नाही; होडी हलायचीच!

एक धडा मात्र महागात पडला असता. वारा फिरला, बाबांनी शीड बदलायला घेतले आणि मी आपला पडद्यात डोळे घालून बसलेला. शिडाचा दोर कानाजवळून सणकन गेला. बाबा ओरडले, ‘‘आधी होडी बघ, मगे फोटो!’’ तुमच्यापैकी कुणी मुलाबाळांसह शिडाच्या होडीत बसणार असेल, तर हे ध्यानात ठेवा. कॅमेरा ज्याच्या हाती, सुकाणू त्याच्या हाती नको. कॅमेऱ्याची दोरी गळ्यात आणि लाइफ जॅकेट अंगात हवेच. आजच्या मोबाइलमध्ये कितीही करामती असल्या, तरी दोर चुकवायचे काम आपल्यालाच करायचे असते.

पुढच्या वर्षी होडी विकली गेली. आता बाबाही नाहीत. उरली आहे ती दुसऱ्या दिवशीची बारा मिनिटे. क्षितिज जरा कललेलेच आहे, पण बाबांचे हात स्पष्ट दिसतात. दोर ढिला सोडणारे, पुन्हा आवळणारे.

गणपतीला घरी गेलो, की आई ती लावायला सांगते. तिला आता चक्कर येत नाही. बारा मिनिटांत बाबा एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, नजर सारखी शिडावर. चित्र संपले, की आई दरवेळी तेच म्हणते, ‘‘घरात पण असेच. माझ्याकडे म्हणान कधी बघूक नाय!’’