शुक्रवार कुणाचा?

मराठी सिनेमाची तारीख ठरते ती बहुधा हिंदीचं वेळापत्रक समोर ठेवून. ईद, दिवाळी, नाताळ बड्या बॅनर्सनी आधीच अडवलेले. उरलेल्या शुक्रवारांत मराठी निर्मात्यानं जागा शोधायची. पण २०१३ नंतरच्या तारखा ओळीनं पाहिल्या, तर या उरलेल्या शुक्रवारांतूनच मराठीनं आपलं पंचांग घडवलेलं दिसतं.

पहिल्या आठवड्यासाठी एवढी मारामारी का, हे पैशाच्या गणितात आहे. २००९ च्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात झालेल्या करारात निर्मात्याकडच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५ आणि पुढे ३० असा उतरत गेला. त्यामुळे मोठा सिनेमा सुरुवातीलाच जमतील तेवढे पडदे घेतो. मराठी सिनेमा तोंडी प्रसिद्धीवर चढतो, त्याला दुसरा-तिसरा आठवडा हवा असतो आणि नेमके तेव्हाच त्याचे खेळ कापले जातात. जुलै २०१३ मध्ये आलेला 'दुनियादारी' भरात असताना ऑगस्टमध्ये 'चेन्नई एक्सप्रेस' आला, तेव्हा खेळ टिकवायला राजकीय पक्षाला मध्ये पडावं लागलं. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवण्याची सक्ती केली, तिची वेळ शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ ठरली. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' एकाच दिवशी लागले. समोर सलमानचा 'प्रेम रतन धन पायो'. दोन्ही मराठी सिनेमे चालले. तरी एकाच घरातल्या प्रेक्षकासाठी आपल्याच दोघांनी झगडावं, याचं वाईट वाटतं.

चांगल्या तारखा सापडल्या त्या मराठी घराचं वर्ष ओळखणाऱ्यांना. 'टाइमपास', 'नटसम्राट', 'वेड' हे तिन्ही नव्या वर्षाच्या तोंडावर आले. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ चा: परीक्षा संपलेल्या, गावोगावी जत्रा, हाती मोकळा वेळ. रहिमतपूरला तर मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले.

मला सगळ्यांत आवडते ती 'बाईपण भारी देवा'ची तारीख. ३० जून २०२३, आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. गोष्ट मंगळागौरीच्या स्पर्धेची आणि सिनेमा श्रावणाच्या आधी आलेला. पावसाळ्यात घराबाहेर पडायला बायकांना निमित्त मिळालं. नऊवारी नेसून, नथ घालून, भिशीचे नाहीतर सोसायटीचे गट करून त्या थिएटरात आल्या, खेळ संपल्यावर तिथेच फुगड्या घातल्या. एरवी दुपारच्या खेळाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. इथे तोच खेळ भरू लागला.

शिवजयंतीचा आठवडाही असाच आपला होता. २०२२ चा 'पावनखिंड' १८ फेब्रुवारीला आला. मात्र 'पुष्पा २'मुळे डिसेंबरातून हललेला हिंदी 'छावा' २०२५ मध्ये १४ फेब्रुवारीला लागला आणि शिवजयंतीला महाराष्ट्रातली थिएटरं त्यानंच भरली. आपल्या पंचांगाची किंमत आता मुंबईतल्या हिंदी निर्मात्यांनाही कळली आहे. मराठी निर्मात्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच एकत्र बसून तारखा वाटून घ्यायला हव्यात, निदान एका शुक्रवारी आपलेच दोन-तीन सिनेमे येऊ नयेत एवढ्यासाठी तरी.