कर्करोग आणि पेशींतील सूक्ष्म शेरे

श्रोत्यांना नवल वाटेल, पण कर्करोगासंबंधींच्या या संशोधनाची सुरुवात एका मिलिमीटरएवढ्या कृमीपासून झाली. या कृमीच्या वाढीचा क्रम कां बिघडतो, याचा शोध अमेरिकेंत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन हे घेत होते. त्यांत दोषी ठरलेल्या एका जनुकापासून प्रथिन मुळीं होतच नाहीं, होतो तो आरएनएचा अवघ्या २२ अक्षरांचा तुकडा, असें १९९३ सालीं प्रसिद्ध झालें.

पेशीच्या केंद्रांतील डीएनए म्हणजे मूळ दप्तर. त्यांतील हवा तेवढा मजकूर आरएनएच्या नकलेनें बाहेर जातो व नकलेवरून प्रथिन तयार होतें. हा चिमुकला तुकडा त्या नकलेला चिकटून तिचें वाचन थांबवितो; कारकुनानें कागदावर ‘तूर्त स्थगित’ असा शेरा मारावा, तसाच हा प्रकार. यालाच मायक्रोआरएनए म्हणतात. कित्येक वर्षें ही एका कृमीची लहर समजली गेली. २००० सालीं असाच दुसरा तुकडा माणसांतहि आढळला, तेव्हां शास्त्रज्ञ जागे झाले. उभयतांना नोबेल पारितोषिक मिळालें तें २०२४ सालीं.

बहुधा उतारवयांत होणारा, सावकाश वाढणारा एक रक्ताचा कर्करोग आहे. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या दूषित पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक भाग गळालेला असतो. तेथील प्रथिन बनविणारें जनुक कोणतें, हा शोध पुष्कळ वर्षें व्यर्थ चालला. २००२ सालीं कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, गहाळ झालेले आहेत ते दोन मायक्रोआरएनए! ते बीसीएल-२ या प्रथिनाला आवर घालतात, हें २००५ मध्यें कळलें. हें प्रथिन पेशीला मरूं देत नाहीं. आवर सुटला कीं जुन्या पेशी न मरतां सांचत राहतात. याच प्रथिनावर मारा करणारें व्हेनेटोक्लॅक्स हें औषध २०१६ पासून अमेरिकेंत मान्य आहे. तें याच शोधांतून निघालें असें म्हणणें मात्र अतिशयोक्तीचें होईल. त्या प्रथिनाचा पाठलाग आधींपासूनच चालू होता.

निदानाची बाजू अधिक आशादायक. हे तुकडे रक्तद्रवांत न विरघळतां टिकतात. वृषणाच्या कर्करोगांत ‘३७१’ क्रमांकाचा तुकडा पाहून सुमारें दहांपैकीं नऊ रुग्ण ओळखतां आले, असें २०१९ च्या एका मोठ्या पाहणींत दिसलें. इतर कर्करोगांत इतकें स्पष्ट उत्तर क्वचितच मिळतें. रक्त काढतांना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतलेच तुकडे मिसळून हिशेब चुकतो.

उपचारांत तर ठेंच बसली. ‘३४’ क्रमांकाचा कृत्रिम तुकडा चरबीच्या सूक्ष्म कणांत घालून ८५ रुग्णांवर प्रयोग आरंभिला होता. प्रतिकारशक्तीच्या विपरीत प्रक्षोभानें चार रुग्ण दगावले व २०१६ सालीं तो थांबवावा लागला. एकाच तुकड्याचा शेरा शेंकडों नकलांवर बसतो. म्हणून तो रोगट पेशींतच कसा पोंचवावा, यासाठीं आतां खटपट चालली आहे.