प्रथिनाची साखळी आणि कागदाची पट्टी

जीवरसायनशास्त्राच्या अध्यापनात प्रथिनाच्या रेणूस ‘साखळी’ म्हणण्याचा प्रघात आहे. संज्ञा सोयीची खरी. परंतु कोणतेही रूपक वस्तूचा एक गुण दाखविते व दुसरा झाकते. साखळीची प्रत्येक कडी वाटेल तशी फिरते. प्रथिनास ते स्वातंत्र्य नाही. अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध अंशतः द्विबंध असल्याने त्याच्या भोवतालचे सहा अणू एकाच प्रतलात राहतात, व साखळीस वळण मिळते ते दोन प्रतलांच्या सांध्यावरील अल्फा कार्बनपाशी. विद्यार्थी हे विधान पाठ करतो. परंतु त्यातून काय निष्पन्न होते, हे त्यास सांगता येईलच असे नाही.

ही उणीव प्रतिकृतीने कशी भरून निघते, याचे बोलके उदाहरण लायनस पॉलिंग यांचे होय. १९४८ साली ऑक्सफर्ड येथे सर्दीने आजारी असता त्यांनी कागदावर ही साखळी रेखाटली आणि प्रत्येक अल्फा कार्बनपाशी घडी घालून कागद गुंडाळला. तेव्हा एका स्थानावरील ऑक्सिजन चार स्थाने पुढील नायट्रोजनाच्या हायड्रोजनसमोर आला, व हायड्रोजन बंध जुळला. कोरी व ब्रॅन्सन यांच्यासह १९५१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘अल्फा हेलिक्स’ या मळसूत्री रचनेचे बीज ते हेच. तिच्या एका वेढ्यात सुमारे ३.६ अमिनो आम्ले बसतात. केंब्रिज येथील ब्रॅग, केन्ड्र्यू व पेरुत्झ यांनीही १९५० साली अशा रचनांचा ऊहापोह केला होता. तथापि त्यांनी पेप्टाइड गटाचे प्रतल अभंग राखले नाही, आणि वेढ्यातील संख्या पूर्णांकी मानली. सारांश, प्रतिकृतीचे मोल तिच्यावर घातलेल्या निर्बंधांवर ठरते.

अध्यापकाने हाच क्रम वर्गात योजावा. आधी पट्टी कोठे वळेल याचे अनुमान लिहून घ्यावे, नंतर ती विद्यार्थ्यांकडून गुंडाळून घ्यावी. शेवटी पट्टी उलट बाजूस गुंडाळण्यास सांगावे. बंध तेव्हाही जुळतात. मग निसर्गात प्रायः उजवेच मळसूत्र का आढळते? एल-अमिनो आम्लांचे बाजूचे गट डाव्या मळसूत्रात ऑक्सिजनच्या फार निकट येतात, हे त्याचे कारण. ते गट कागदावर नाहीत. म्हणून येथे कागद निरुत्तर होतो. ‘साखळी’ या शब्दाप्रमाणेच पट्टीही काही दाखविते व काही झाकते, हे ज्या विद्यार्थ्यास उमगले, त्यास रेणूची रचना समजू लागली असे म्हणता येईल.