गोळीची किंमत, गोळीचं काम

11 मार्च 2025 रोजी एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं. तोवर त्याच्या एका गोळीला साठ रुपयांच्या आसपास मोजावे लागत. पेटंट संपताच एकामागून एक भारतीय कंपन्यांनी आपापले ब्रँड बाजारात उतरवले आणि काहींनी 10 मिलिग्रॅमची गोळी दहा रुपयांच्याही खाली आणली. रेणू तोच, मात्रा तीच, शरीरातलं कामही तेच. ज्या घरातून या एका गोळीपायी महिन्याला अठराशे रुपये जात होते, तिथे तोच खर्च तीनशेच्या आत आला.

मधुमेह असलेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊक असायलाच हवी. कारण औषधाच्या दुकानात आपण अजूनही किमतीवरून औषधाचा दर्जा जोखतो. महागडी गोळी म्हणजे जालीम, स्वस्त गोळी म्हणजे कशीबशी चालवून घ्यायची, असा समज घट्ट बसलेला आहे. गोळीच्या किमतीवरून मुख्यतः एवढंच कळतं, की तिच्यावर अजून कुणाची मक्तेदारी आहे की नाही. ती तुमच्या हृदयासाठी, मूत्रपिंडांसाठी किंवा वजनासाठी काय करते, हे किमतीवरून अजिबात कळत नाही.

एम्पाग्लिफ्लोझिनचंच पाहा. आपली मूत्रपिंडं दिवसभरात साधारण 180 ग्रॅम ग्लुकोज रक्तातून गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. परत घेण्याचं बहुतांश काम एसजीएलटी-2 नावाचं एक प्रथिन करतं. हे औषध त्या प्रथिनाला अडवतं, आणि मूत्रपिंडं नीट काम करत असतील तर दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम साखर लघवीतून बाहेर पडते. या औषधाचं मूळ सफरचंदाच्या झाडात आहे. 1835 मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा काढला. तो दिल्यावर लघवीत साखर येते, हे योझेफ फॉन मेरिंग यांनी 1886 मध्ये दाखवलं. लघवीतली साखर हे ज्या रोगाचं लक्षण, त्याच रोगावर तोच मार्ग उपचार म्हणून वापरायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला.

खरं आश्चर्य 2015 मध्ये समोर आलं. हृदयविकार असलेल्या सुमारे सात हजार मधुमेही रुग्णांवरच्या एम्पा-रेग या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी झाले. साखर तर फार उतरली नव्हती. म्हणजे हा फायदा निव्वळ साखर कमी झाल्यामुळे नव्हता. पुढे याच कुळातल्या डापाग्लिफ्लोझिनने हृदयाची ताकद कमी झालेल्या आणि मूत्रपिंडांचा आजार असलेल्या रुग्णांनाही आधार दिला. त्यांतल्या अनेकांना मधुमेहच नव्हता. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात 2020 मध्येच संपलं, त्यामुळे ते आधीपासूनच स्वस्त आहे.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघांचंही एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, आठ. एकाला तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय आणि मूत्रपिंडांच्या बिघाडाची खूण असलेलं अल्ब्युमिन लघवीत दिसू लागलंय. दुसऱ्याचं हृदय ठणठणीत, मूत्रपिंडं उत्तम, आजार नुकताच सापडलेला. रिपोर्टवरचा साखरेचा आकडा सारखा, पण औषधांची चिठ्ठी सारखी असू नये. पहिल्याला ग्लिफ्लोझिन कुळातली गोळी मिळायलाच हवी. दुसऱ्याचं काम अनेकदा मेटफॉर्मिन, खाण्यातले बदल आणि चालणं यांवर भागतं. म्हणून लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी टाळू नये. या दोन तपासण्यांना फार पैसे लागत नाहीत, आणि पुढची वीस वर्षं कोणती गोळी घ्यायची हे त्यांवर ठरू शकतं.

ग्लिफ्लोझिनचे धोकेही स्पष्ट सांगायला हवेत. जननेंद्रियांजवळ बुरशीचा संसर्ग होऊन खाज सुटते. बायका हे संकोचाने सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात. डॉक्टरांना सांगितलं तर साध्या मलमाने बहुतेक वेळा ते बरं होतं. दुसरा धोका विरळा, पण गंभीर आहे. कडक उपवास, उलट्या-जुलाब किंवा शस्त्रक्रिया यांच्या काळात रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते. म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी ही गोळी थांबवतात. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्यांनी किंवा रोजे ठेवणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

मेटफॉर्मिनबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. हा रेणू 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला. फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी 1957 मध्ये तो मधुमेहासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि 1998 मध्ये ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाने वजन जास्त असलेल्या रुग्णांमधला त्याचा फायदा दाखवून दिला. दोन-तीन रुपयांची ही गोळी वजन वाढवत नाही आणि एकटी घेतली तर सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत पाडत नाही. सुरुवातीला पोट बिघडतं. मात्रा हळूहळू वाढवली आणि जेवणाबरोबर घेतली तर बहुतेकांना ती सोसते. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून बाहेर पडतं. ते पाहून औषध वाया गेलं असं समजून गोळी सोडणारे लोक आहेत. औषध तोवर शरीरात गेलेलं असतं. मात्र वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसाने ते तपासत राहावं, नाहीतर पायांची बधिरता मधुमेहाच्या खात्यावर टाकली जाते. मूत्रपिंडांचं काम बरंच खालावलं तर ही गोळी बंद करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

किंमत आणि फायदा यांची सांगड बसत नाही, याचं चांगलं उदाहरण म्हणजे ग्लिप्टिन कुळ. सिटाग्लिप्टिन पेटंटखाली असताना महाग होतं आणि आधुनिक औषध म्हणून त्याचा मोठा दबदबा होता. 2015 मध्ये टेकोस चाचणीचा निकाल आला तेव्हा कळलं, की ते हृदयाला अपाय करत नाही, पण वाचवतही नाही. वजनावरही त्याचा विशेष परिणाम नाही. म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. साखर पडण्याची भीती असलेल्या वृद्धांसाठी ती चांगली गोळी आहे. 2022 मध्ये पेटंट संपल्यावर जनऔषधी केंद्रांत सिटाग्लिप्टिन 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या साठ रुपयांना आल्या.

जुन्या, स्वस्त ग्लिमेपिराइडवर हृदयाला घातक असल्याचा संशय बराच काळ घेतला जाई. 2019 च्या कॅरोलिना चाचणीत सुमारे सहा हजार रुग्णांमध्ये ते लिनाग्लिप्टिनशी ताडून पाहिलं, आणि हृदयाच्या बाबतीत दोन्ही सारखीच निघाली. फरक पडला तो साखर एकदम खाली जाण्यात: ग्लिमेपिराइड घेणाऱ्या शंभरांतल्या जवळजवळ 38 जणांना कधी ना कधी तो अनुभव आला, लिनाग्लिप्टिनवाल्या शंभरांत 11 जणांना. वेळेवर जेवणाऱ्या, सांभाळायला माणसं असलेल्या रुग्णाला ग्लिमेपिराइड चालू शकतं. एकट्या राहणाऱ्या, कधी जेवणाऱ्या कधी न जेवणाऱ्या सत्तरीच्या आजींना ते देताना दहादा विचार व्हावा.

आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत घालण्याची पद्धत फार. गोळ्यांची संख्या कमी होते, कधी पैसेही वाचतात. पण ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेणारा माणूस आजारपणात जेवू शकला नाही, तर त्याला एकच औषध वगळता येत नाही. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं, म्हणून रुग्णांना आपण कोणता रेणू घेतोय हेच ठाऊक नसतं. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी तेच औषध लिहिलं, तरी ध्यानात येत नाही. स्ट्रिप उलटून रेणूचं नाव वाचायची सवय लावून घ्या. ते नाव सांगून दुसऱ्या कंपनीची किंमत विचारता येते आणि जनऔषधी केंद्रातही चौकशी करता येते.

पेटंट संपल्यावर औषधांची किंमत कमी होते ती कायद्यामुळे. 1970 च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं. पेटंट मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने तोच रेणू बनवायची मोकळीक मिळाली आणि आपला औषधउद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार कराराप्रमाणे 1 जानेवारी 2005 पासून रेणूवरचं पेटंट परत आलं. म्हणून नवं औषध येतं तेव्हा महाग असतं आणि वीस वर्षांची मुदत संपली की झपाट्याने उतरतं.

आता ज्या इंजेक्शनांची सगळीकडे चर्चा आहे, त्यांच्याकडे वळतो. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिन वाढवतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. पण रक्तात ते दोनच मिनिटं टिकतं. अमेरिकेतल्या ब्रॉन्क्सच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखं काम करणारं, पण अधिक टिकणारं प्रथिन सापडलं. त्यातून 2005 मध्ये एक्झेनाटाइड बाजारात आलं. पुढे माणसाच्या संप्रेरकातच बदल करून केलेलं सेमाग्लुटाइड आठवड्याला एकदा टोचलं तरी पुरतं. टिर्झेपेटाइड आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं.

परिणाम खरोखरच मोठे आहेत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या स्टेप-1 चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्क्यांनी कमी झालं. त्याच औषधाच्या दुसऱ्या एका चाचणीत हृदयविकार असलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी घटले. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. ही गोष्ट पैशांच्या हिशेबात आधी धरायला हवी. मार्च 2025 मध्ये टिर्झेपेटाइड भारतात आलं तेव्हा 5 मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 4,375 रुपये होती, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. लग्नसराईआधी तीन महिने घेऊन सोडून देण्यासाठी हे औषध नाही. दीर्घकाळ परवडणार नसेल, तर सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. पैशांची अडचण सांगण्यात कमीपणा नाही, आणि ती ऐकून घेणं हे डॉक्टरांच्या कामाचाच भाग आहे.

आपल्या भारतीयांच्या शरीराची ठेवण वेगळी आहे, याचाही इथे संबंध येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यातल्या अनेकांची गत आहे. या इंजेक्शनांनी उतरणाऱ्या वजनात काही वाटा स्नायूंचा असतो. मुळात स्नायू कमी असलेल्या माणसाने प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम यांकडे दुर्लक्ष करून ती घेणं योग्य नाही. ब्युटी पार्लरमधून किंवा ओळखीतून, चिठ्ठीशिवाय तर मुळीच नाही. इंजेक्शनबरोबर ग्लिप्टिनची गोळी चालू असेल तर ती बंद करता येते का, हे जरूर विचारा. दोन्हींचा मार्ग एकच असल्याने एकत्र घेऊन जास्तीचा फायदा जवळपास काहीच होत नाही.

सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचं. पेटंटाची आडकाठी गेली की इथल्या कंपन्यांसाठी वाट मोकळी होते. एम्पाग्लिफ्लोझिनइतकी मोठी घसरण इथे होईलच असं मी म्हणणार नाही. पेन आणि शीतसाखळी यांचा खर्च गोळीला नसतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण पैसे वाचवताना इथे जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला 40 युनिटचं असतं, पेनमधलं 100 युनिटचं. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी नारिंगी. स्वस्त म्हणून पेनवरून बाटलीवर येताना त्या बाटलीशी जुळणारी सिरिंजच घ्यायला हवी. ती चुकली तर मात्रा अडीच पट चुकते.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे 10.1 कोटी रुग्ण आहेत, आणि प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात, 26.4 टक्के. यांतल्या बहुतेकांना इंजेक्शनं परवडणार नाहीत. पण लघवीत अल्ब्युमिन दिसू लागलेल्या रुग्णाला ग्लिफ्लोझिन देणं आता सरकारलाही परवडण्यासारखं आहे. ते तालुक्याच्या रुग्णालयात, मेटफॉर्मिनच्या शेजारी, रोज मिळायला हवं. डायलिसिसची यंत्रं वाढवण्याच्या घोषणा होतात तेव्हा ही मागणीही त्याच जोराने व्हायला हवी.