नागरी गृहबांधणी आणि वटवाघळांचा निवारा : पुणे शहराच्या संदर्भात

प्रस्तावना

नागरीकरणाचा वन्यजीवांवरील परिणाम सामान्यतः जंगलतोडीच्या अंगाने मांडला जातो. वटवाघळांच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते. भारतात आढळणाऱ्या वटवाघळांच्या सुमारे १३० जातींपैकी कित्येक जाती माणसाने बांधलेल्या वास्तूंत आणि त्याने लावलेल्या वृक्षांवर पिढ्यान् पिढ्या वस्ती करून आहेत. अशा जातींना गृहबांधणीचा फटका नेमका कोठे बसतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवाऱ्याचे स्वरूप

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांची रचना वटवाघळांना सोयीची होती. कौलांखालची पोकळी, तुळई व भिंत यांमधील फट, वापरात नसलेला माळा, तळघर ही सर्व त्यांची दिवसाची विश्रांतिस्थाने होत. जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या पिपिस्ट्रेल वटवाघळाला बोटभर फट पुरते. लायरोडर्मा लायरा या जातीस मात्र अंधारी, वर्दळ नसलेली खोलीच लागते. (ही जात रक्त पिते असा समज आहे, प्रत्यक्षात ती मोठे कीटक, बेडूक, उंदीर व लहान पक्षी यांवर जगते.) टेरोपस मेडियस हे मोठे फळभक्षी वटवाघूळ वड, पिंपळ, चिंच यांसारख्या उंच व जुन्या वृक्षांवर उघड्यावर टांगलेले असते. एम्प्रेस गार्डनमधील त्याची वस्ती पुणेकरांच्या परिचयाची आहे.

अन्न आणि थारा

नव्या वसाहतींमुळे वटवाघळांची उपासमार होते, असे सरसकट म्हणता येत नाही. रस्त्यावरील दिव्यांभोवती कीटक गोळा होतात आणि वेगाने उडणाऱ्या काही कीटकभक्षी जाती त्यांचा लाभ घेतात. हळू उडणाऱ्या जाती मात्र प्रकाश टाळतात. उजळलेला रस्ता त्यांच्यासाठी भिंतीसारखा ठरतो. फळभक्षी जातींना आवारातील उंबर, जांभूळ, बदाम उपयोगी पडतात. खरी टंचाई थाऱ्याची आहे. काँक्रीटच्या गुळगुळीत भिंती, सरकत्या खिडक्या आणि कबुतरांसाठी डक्टवर ताणलेल्या जाळ्या यांमुळे नव्या इमारतीत फट म्हणून उरत नाही.

निवारा गेला तर ही वटवाघळे दुसरीकडे जातील, असे उत्तर सहज दिले जाते. परंतु अनेक जाती वर्षानुवर्षे एकाच थाऱ्यावर परततात आणि बहुतेकींची मादी वर्षाकाठी एकच पिल्लू देते. त्यामुळे एका वस्तीची झालेली हानी भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. अनेक जातींची पिल्ले उन्हाळ्यात जन्मतात. न उडणारी पिल्ले थाऱ्यावर ठेवून माद्या रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतात. याच काळात छप्पर उतरवले किंवा फटी बुजवल्या, तर माद्या बाहेर आणि पिल्ले आत अशी स्थिती होते. पाडकाम चार महिने पुढे-मागे करण्याने हे टळू शकते. परंतु आत पिल्ले आहेत, हे कोणास ठाऊकच नसते.

कायद्याची दृष्टी

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये फळभक्षी वटवाघळांचा समावेश उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूचीच रद्द झाली व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि थाऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेत इमारत प्रकल्पांसाठी २०,००० चौरस मीटर बांधकाम क्षेत्राची किमान मर्यादा आहे. एकेका वाड्याचा पुनर्विकास सहसा तिच्या आत राहतो. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली ५० वर्षांवरील वृक्षांना वारसा वृक्ष मानण्याची आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद झाली. साठ वर्षांच्या चिंचेसाठी साठ रोपे हा हिशेब कागदावर चोख आहे. पण त्या साठांपैकी एकाही रोपावर पुढील कित्येक दशके मोठ्या वटवाघळांची वस्ती बसू शकणार नाही.

ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यापासून वटवाघळांच्या निवाऱ्यास संरक्षण असून, त्या वेळी आत वटवाघळे नसली तरी ते लागू राहते. त्यामुळे तेथे जुनी इमारत पाडण्यापूर्वी पाहणी केली जाते. आपल्याकडे पाडकामाच्या परवान्यासाठी अशी पाहणी नेहमीची बाब नाही.

तशा पाहणीस फार साधने लागत नाहीत. लेंड्यांचे ढीग, भिंतीवरील तेलकट डाग व उग्र वास यांवरून थारा ओळखता येतो आणि सूर्यास्तानंतर तासभर बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची मोजदाद करता येते. प्राणिशास्त्र विभागांना क्षेत्रकार्य म्हणून हे सहज शक्य आहे. मात्र वस्तीच्या जागी मुखपट्टी लावावी, वटवाघळांना हाताळू नये आणि पिल्लांच्या काळात आत शिरू नये. पेठांतील उरलेल्या वाड्यांची अशी नोंद पुनर्विकासाचा प्रस्ताव येण्यापूर्वी झाली, तरच पाडकामाचा महिना ठरवताना ती उपयोगी पडेल.